नाना, दोन्ही नळ्या एकाच दिवशी गेल्या नव्हत्या

नाना,

तुम्ही गेलात त्याच्या आधीच्या रविवारी मी धर्मापुरीला आले होते. तुम्ही ओसरीत बाजेवर पडला होतात, उशाला घोंगडी. आवाज पार खोल गेला होता. तरी मला बघितल्यावर पहिलं वाक्य तेच निघालं, गेली सहा वर्षं निघत आलेलं. "माय, एक सांग. दोनी नळ्या एकाच दिशी कशा गेल्या?" मी म्हणाले, "नाना, पाणी देऊ का?" आणि उठून आत गेले. माठाजवळ उगाच उभी राहिले. बाहेर आले तेव्हा तुमचे डोळे मिटलेले होते, म्हणून तांब्या बाजेखाली ठेवला आणि परळीची एसटी गाठली. गुरुवारी तुम्ही गेल्याचा फोन आला.

उत्तर मला माहीत होतं, नाना. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सांगायची हिंमत झाली नाही आणि तुम्ही ते न ऐकताच गेलात. हे आधीच सांगून टाकते, कारण इकडचं तिकडचं बोलून मुद्द्याला बगल देण्यात मी किती तरबेज आहे हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. तरी थोडं इकडचं तिकडचं बोलणारच आहे. तुम्ही गेल्यापासून कुणाशी तुमच्याबद्दल पोटभर बोलले नाही.

तुमच्या तेराव्याला लातूरकडचे कुणी पाहुणे आले होते. मांडवात बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, "मिस्त्री म्हंजी नेमकं काय करायचे?" शेजारचा म्हणाला, "पायपाचं काम. बोरात पाइप सोडायचे." मला राहवलं नाही. मी तिथेच सांगायला लागले, की बोअरचे नव्हे, फायबरचे पाइप, दुहेरी. आतल्या नळीतून अॅसिड जातं आणि तिच्यावर दुसरी मोठी नळी असते, रिकामी. आतली गळाली तर अॅसिड बाहेरच्या नळीत येतं, जमिनीत जात नाही. पाहुणे म्हणाले, "एका नळीच्या कामाला दोन नळ्या? लई खर्चाचं काम की!" आणि सोयाबीनकडे वळले. तुम्ही असता तर त्यांना उठवून अंगणात नेलं असतं, दोन वाळक्या पोकळ काठ्या एकीत एक घालून दाखवल्या असत्या आणि जेवण गार होईपर्यंत सोडलं नसतं.

बाहेरच्या नळीला तुम्ही खोळ म्हणायचात. घर मेंढरं राखणाऱ्यांचं, पावसात घोंगडीची खोळ करून डोक्यावर घ्यायची सवय, तोच शब्द तुम्ही कारखान्यात आणलात. नकाशावर भलंमोठं इंग्रजी नाव होतं. आठ दिवसांत मॅनेजरसाहेबसुद्धा "खोळ कुठपर्यंत आली?" असं विचारायला लागले. मी मात्र हट्टाने नकाशातलं नाव वापरायचे. बी.एस्सी. करून नुकती लागले होते ना. कारखान्यातली पहिली बाई, प्रयोगशाळेत बसायचं आणि अॅसिडच्या लाइनवर देखरेख ठेवायची, असं माझं काम. तुम्ही मला "म्याडम" म्हणायचात, त्यातला "म्या" चांगला लांबवून.

मी तुमचा डबा पेटवला तो दिवस आठवतो? जोड मारायला रेझीनमध्ये किती हार्डनर घालायचं ते कागदावर छापलेलं होतं. तुम्ही कागदाकडे ढुंकून बघत नव्हता. डब्याला बाहेरून हात लावायचा, आभाळाकडे बघायचं, आणि अंदाजाने ओतायचं. मला ते सहन झालं नाही. "नाना, प्रमाण ठरलेलं असतं," म्हणत मी मापाने मोजून घातलं. चैत्रातलं परळीचं ऊन. तुम्ही नुसते चार पावलं मागे सरून बसलात. काचेच्या धाग्यांची मॅट भिजवायला ब्रश उचलला तोवर डब्यातून धूर निघाला, डबा चटका देण्याइतका तापला आणि आत रेझीनचा दगड झाला. मी रडवेली. तुम्ही म्हणालात, "म्याडम, त्यो कागद थंड्या गावात छापलाय. त्येला परळी कुठं म्हाईत?" त्या दिवसापासून मी डब्याला हात लावायला शिकले. अजूनही नव्या पोरांना तसंच शिकवते आणि कागदही वाचायला लावते, तुम्हाला राग आला तरी.

तुमचं कामच बघत राहावंसं होतं. घासलेल्या टोकांवर मॅटची पट्टी, तिच्यावर रेझीन, मग ते लोखंडी रूळ फिरवून आतली हवा बाहेर काढायची. एवढासा बुडबुडा राहिला तरी तुम्ही सगळा थर सोलून काढायचात. मी म्हणायचे, केवढासा तर आहे. तुम्ही म्हणायचात, "तेवढ्याच वाटंनं जातंय ते." काम वाळलं की गाडीची किल्ली काढून जोडावर टकटक करत कान लावायचा. आवाज टणक आला की मान हलवायची, बद्द आला की ग्राइंडर मागायचं. काचेच्या भुकटीने अंगभर खाज सुटायची. तुम्ही पावडरीचा डबा घेऊन बसायचात, पांढरेफटक व्हायचात आणि सगळ्या कामगारांना म्हणायचात, "आज नवरदेव म्हनून मिरवायचं हाय मला."

आणि आधी खोळ सरकवून ठेवायची, मग आतला जोड मारायचा, हा क्रम. तो एकदा तुमच्याच हातून चुकला. आतला जोड मारून, किल्लीने वाजवून, खूश होऊन उठलात आणि बघता तर खोळ बाजूला पडलेली. आता ती घालणार कुठून? जोड कापावा लागला. तुम्ही मला शपथ घातलीत, की घरी काकूला सांगायचं नाही. मी पुढच्याच आठवड्यात सांगितलं. काकू आठ दिवस तुम्हाला "आधी सदरा घाला, मग बटनं लावा" म्हणत होत्या.

पण एका गोष्टीत तुम्ही चेष्टा चालू दिली नाही. अॅसिडच्या टाकीपासून शेडपर्यंतची लाइन उत्तमरावांच्या विहिरीजवळून जाणार होती. उत्तमराव माजी सरपंच, शेत आपल्या कुंपणाला लागून, आणि त्यांच्या विहिरीवर शेताबरोबर वस्तीतली वीसेक घरं पाणी भरायची. साहेबांना एकेरी नळी चालत होती. तुम्ही तेव्हा टेपसुद्धा उघडली नाही. म्हणालात, "विहिरीपासनं एकपदरी न्यायची असंल तर दुसरा मिस्त्री बघा. हितं चुकलं तर मी त्या बायायला कोनतं तोंड दाखवू?" साहेबांनी चार दिवस दुसरा मिस्त्री बघितला आणि पाचव्या दिवशी तुम्हालाच फोन केला.

त्याच लाइनवर आपलं मोठं भांडण झालं. खोळीच्या सगळ्यात खालच्या टोकाला तुम्ही एक छोटा कॉक बसवला. तो कायम उघडा. आतली नळी गळाली तर खोळीतून येऊन तिथे थेंब पडणार, खालच्या शहाबादी फरशीवर दिसणार, की लाइन बंद करायची. तुमचं म्हणणं, त्या कॉकला मूठच नको, काढून फेकू. माझं म्हणणं, नकाशात मूठ आहे, हवेचा दाब देऊन तपासणी करताना कॉक बंद करावा लागतो. तुम्ही म्हणालात, "मूठ असली की हात जातोच बगा. आन खोळ म्हंजी काय तिजोरी न्हाई म्याडम. तिनं धरून ठेवायचं न्हाई, तिनं सांगायचं." मी नकाशा तुमच्यासमोर पसरला. नकाशापुढे तुम्ही हरलात, मूठ राहिली. मी त्या दिवशी घरी जाऊन आईला सांगितलं होतं, की आज एका जुन्या मिस्त्रीला नियम शिकवला.

मग रोजची वही सुरू झाली. दिवसातून दोनदा जाऊन फरशी बघायची आणि वहीत लिहायचं, "कोरडं". पहिल्या दिवशी मी लिहिलं तेव्हा तुम्ही वहीत डोकावून हसलात. "आपल्याकडं कोरडं म्हणलं की मानूस डोक्याला हात लावतंय. हितं कोरडं लिवायचं आन निवांत च्या प्यायचा. ही एकच जागा हाय बग जिल्ह्यात." त्या दिवशी तुम्ही पहिल्यांदा "म्याडम" सोडून "बग" म्हणालात. पुढे "माय" झाले.

माझा हात भाजला तो दिवसही सांगते. टँकर रिकामा करताना पाइप निसटला आणि मनगटापासून कोपरापर्यंत अॅसिड उडालं. मी नुसती बघत राहिले. तुम्ही कुठून धावत आलात कोण जाणे, मला ओढत ड्रमापाशी नेलं आणि तांब्यामागून तांब्या हातावर ओतत राहिलात. तेव्हा कारखान्यातही पाणी दिवसाआड यायचं. पाच मिनिटांनी मी म्हणाले, "बास नाना, पाणी वाया जातंय." तुम्ही मला कधी नव्हे ते ओरडलात. "गप उभी ऱ्हा! पान्यापायी हात घालवतीस का?" अख्खा ड्रम संपवलात. हाताला आज डागसुद्धा नाही. या हाताने मी पुढे काय केलं ते आता सांगते.

आमची वस्ती तेलगावपासून आत. उन्हाळ्यात टँकर येतो तेव्हाच पाणी. लहानपणी माझ्याकडून घागर उघड्यावर कलंडली तर आईने मला दिवसभर तिच्याशी बोलू दिलं नव्हतं. आमच्याकडचा माणूस गळका नळ बघून पुढे जाऊ शकत नाही, वाट वाकडी करून तो बंद करून येतो. तुम्हीही तसेच. परळीच्या स्टँडवर एकदा आपण दोघं बोलत चाललो होतो आणि बोलणं न थांबवता दोघांचेही हात एकाच नळाकडे गेले, एकमेकांवर आदळले. किती हसलात. "ह्यो आपल्या रक्तातला रोग हाय," म्हणालात. आणि लगेच बोट उगारलंत, "पर तुमच्या त्या कॉकाला हात लावायचा न्हाई बरं का. त्यो एकच नळ गळू द्यायचा."

मे महिना होता. सकाळी वस्तीवर टँकर आलाच नव्हता, आई आणि चुलतीचं एका हंड्यावरून भांडण झालं होतं आणि मी तोंडही न धुता निघाले होते. कारखान्यात पोचते तर अॅसिडचा टँकर फाटकात उभा, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. मी लाइनच्या कडेच्या वाटेने झपाझप चालले होते. डोक्यात आईचा हंडा. वाटेत कुठेतरी टप, टप असं ऐकू आलं. मी वाकले, मूठ फिरवली, घट्ट केली आणि पुढे गेले. इतकंच, नाना. थांबलेसुद्धा नाही. संध्याकाळी वही उघडली, फरशी बघायला गेले. तापलेल्या फरशीवर थेंबाचा मागमूस नव्हता. मी लिहिलं, "कोरडं". दुसऱ्या दिवशीही कोरडं. तीन आठवडे रोज दोन वेळा मी मन लावून लिहीत होते. मूठ आडवी, म्हणजे कॉक बंद आहे हे माझ्या डोळ्यांना एकदाही दिसलं नाही, कारण मी फरशी बघत होते.

आतली नळी पंपाच्या हादऱ्याने एका जागी चिरली होती. तशी ती कधी ना कधी, कुणाच्याही हातची चिरते, म्हणून तर खोळ असते. कॉक उघडा असता तर त्याच दिवशी कळलं असतं. बंद कॉकामुळे अॅसिड खोळीत साचत गेलं, पंपाचा सगळा दाब तिच्यावर आला, आणि जे काम तिला कुणी सांगितलंच नव्हतं ते तिने तीन आठवडे केलं. मग विहिरीजवळचा जोड सुटला.

उत्तमरावांचा गडी पळत आला तो "जमीन उकळायली" म्हणत. आम्ही गेलो तर खरंच. काळ्या मातीतल्या चुनखडीवर अॅसिड येऊन जमीन पांढरी होऊन फसफसत होती, विहिरीच्या काठापर्यंत. पंप बंद केला, चुना मागवला. साहेबांनी तुम्हाला फोन लावला. मी कॉकाकडे धावले, की तिथे कसं काही दिसलं नाही. मूठ आडवी होती. तेव्हा मला माझा हात आठवला, नाना. हंडा आठवला, हॉर्न आठवला, सगळं. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी मूठ सरळ केली. साचलेलं अॅसिड भसकन फरशीवर आलं, वाफेने मी खोकत मागे सरले. मग ओरडले, "इथेही गळतंय!"

पहिली चूक हाताची होती. ती मी कदाचित स्वतःला माफ केली असती. ही दुसरी मी समजून उमजून केली. तिच्यामुळे सगळ्यांनी एकच हिशेब मांडला, की काल वहीत कोरडं, आज कॉकही वाहतोय आणि बाहेरची नळीही फुटली, म्हणजे आतली आणि बाहेरची एकाच दिवशी गेली. दोन-दोन भिंती आणि दोन्ही कच्च्या. म्हणजे मिस्त्रीचं काम कच्चं.

तुम्ही गाडीवरून आलात, चिखलात गुडघे टेकून जोड बघितला. किल्ली काढली, पण वाजवली नाही. उत्तमराव सगळ्या वस्तीसमोर बोलत होते. विहिरीच्या कडेची मोसंबीची झाडं गेली, बायका रिकाम्या घागरी घेऊन उभ्या होत्या. "दोन नळ्याचे पैसे घिऊन हे काम? लाज वाटती का मिस्त्री?" तुम्ही उभं राहून पागोटं सारखं केलंत आणि हात जोडलेत. "माझ्या हाताचं काम हाय सरपंच. कुठं चुकलं कळंना, पर माझ्याच हाताचं हाय." मी तुमच्या मागे चार हातांवर, वही छातीशी धरून उभी होते. तोंड उघडलं असतं तर तुमचे हात तिथल्या तिथे खाली आले असते.

नोकरी जाईल, ही भीती होती. वस्तीत आईला लोक काय म्हणतील, हीही. ती भीती खोटी नव्हती. पण खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त मला तुमचीच भीती वाटली, की तुम्ही मला परत "म्याडम" म्हणाल.

विहीर उपसत उपसत पावसाळा गेला. पाण्याचे नमुने मीच तपासायचे, रोज, जेवायच्या आधी. वर्षाने पाणी पिण्याजोगं झालं तेव्हा मी प्रयोगशाळेत दार लावून रडले. तोवर कारखान्याने टँकर दिले, नवीन लाइन दुसऱ्याने टाकली. तुम्हाला कुणी काढलं नव्हतं, तुम्हीच येणं बंद केलंत. औरंगाबादचं मोठं काम आलं होतं, ते सोडलंत. ब्रश, रूळ, ग्राइंडर पोत्यात बांधून माळ्यावर टाकलंत आणि भावाच्या मेंढरांमागे जायला लागलात. काकू सांगायच्या, बसले की स्वतःचे हात उलटेपालटे करून बघतात.

मी येत राहिले. दिवाळीला, यात्रेला, कधी नुसतीच. दर वेळी एसटीत ठरवायचे, आज सांगायचं. आणि दर वेळी आपलं तेच भांडण व्हायचं. मी म्हणायचे, नाना, तुमचा जोड चांगला होता. तुम्ही म्हणायचात, "मग गळाला कावून?" मी म्हणायचे, कधी कधी होतं. "असं कदी न्हाई होत माय. आतली जाती ते मला पटतंय. पर आतली गेल्यावर थेंब पडाय पायजे का न्हाई? तुझ्या वहीत आदल्या दिशीपस्तोर कोरडं हाय. वही खोटं बोलत न्हाई." आणि मग, "म्हंजी दोनी एकदमच गेल्या. म्हंजी माझा हातच गेल्ता." तुम्हाला साहेबांवर संशय आला, रेझीनच्या कंपनीवर आला, पंपावर आला, शेवटी स्वतःवर आला. माझ्या वहीवर एकदाही आला नाही. तुम्ही एकदा तरी मला चिडून विचारलं असतं, की पोरी, तू नीट बघत होतीस ना? मी तिथेच सगळं ओकले असते. तुमच्या विश्वासाचा मला राग यायचा, नाना. इतका की कधी कधी मी तुमच्यावर उगाच खेकसायचे आणि तुम्ही काकूला म्हणायचात, "पोरगी दमती बिचारी. भाकर वाढ तिला."

तेराव्याला पाहुण्यांच्या पंगती चालू होत्या. मी काकूंना चुलीपाशी गाठलं आणि सगळं सांगितलं, थेंब, मूठ, वही, परत फिरवलेली मूठ. त्यांनी हातातलं उलथनं खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "त्यायला का न्हाई सांगितलंस?"

"भ्याले, काकू."

"सा वर्सं ह्यो मानूस सोताच्या हाताकडं बगत बसला. मी म्हनायची, म्हातारपन हाय, सोडा. तू भाकर खाऊन जायचीस." त्यांचा आवाज चढला नाही, तेच जास्त लागलं. मी पाय धरायला वाकले तर त्यांनी माझं मनगट धरलं, तुम्ही पाणी ओतलं होतं तेच. "माझे पाय धरून काय व्हनार हाय? चल भाईर. ज्यायच्या म्होरं त्यायनी हात जोडले, त्यायला सांग."

मांडवात माणसं सुपारी कातरत बसली होती. तुमचे भाऊ, तुमच्या हाताखाली शिकून मिस्त्री झालेले तिघं, कारखान्यातले चौघं, आणि खांबाला टेकून उत्तमराव. ते आल्याचं मला माहीतच नव्हतं. काकू मोठ्याने म्हणाल्या, "ही काय म्हनती ऐका जरा." आणि माझं मनगट सोडलं. मी बोलले. आडवी मूठ हाताने करून दाखवली. कारखान्यातल्या एकाने मान खाली घातली. तुमचा धाकटा भाऊ उठून मांडवाबाहेर निघून गेला, तो मी असेपर्यंत परत आला नाही. त्याचं बरोबर आहे.

उत्तमरावांनी विचारलं, "म्हंजी मिस्त्रीचा जोड?"

"चांगला होता. तीन आठवडे त्याने जे धरलं ते धरायला तो केलेलाच नव्हता. दुसऱ्या कुणाचा आठ दिवसही टिकला नसता."

म्हाताऱ्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मी लई बोललो त्येला," म्हणाले. "समद्या वस्तीम्होरं बोललो." तुमच्या तिघा शिष्यांपैकी थोरल्याने डोळे पुसले आणि काकूंना म्हणाला, "काकू, त्यायचं पोतं माळ्यावरच हाय ना? मला द्या."

दुसऱ्या दिवशी कारखान्यात लेखी दिलं. साहेब नवे आहेत, दोनदा वाचलं, म्हणाले चौकशी बसेल. बसू दे. आईला सांगितलं, ती अजून माझ्याशी बोलत नाही. मनावरचं ओझं उतरलं, असं लोक म्हणतात तसं काही झालेलं नाही. उलट रोज सकाळी वाटतं, की आज सुट्टी काढावी, धर्मापुरीची गाडी धरावी आणि तुमच्या बाजेजवळ बसावं. तुम्ही तो प्रश्न विचाराल आणि मी पाणी आणायला उठणार नाही.

नाना, तुमचा हात गेला नव्हता. काकूंना सांगितलं, भावांना सांगितलं, सरपंचांना सांगितलं, कारखान्याला लिहून दिलं. ज्याने विचारलं होतं, तो सोडून सगळ्यांना सांगून झालं.